ओट्याची उंची

माझ्या आठवणीत आमच्या घराला कधी चुना लागला नाही. भिंतीचे पोपडे निघाले की माय तेवढी जागा शेणामातीनं सारवून घ्यायची आणि छपरावरचं कवेलू फुटलं तर बाबा शेजारच्या पडक्या गोठ्यावरचं काढून तिथं बसवायचे. आमचं गाव डुबणार होतं. वैनगंगेवर खालच्या अंगाला धरण बांधलं जात होतं आणि पाणी मागं सरकत आमच्या सपरीपर्यंत, म्हणजे ओसरीपर्यंत येणार, हे मी चालायला लागायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. कधी येणार, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं. दरवर्षी कोणीतरी छातीठोकपणे सांगायचं की पुढच्या साली पाणी येते, आणि दरवर्षी आम्ही धानाच्या रोपांचे परे टाकायचो, रोवणी करायचो, धान कापून ढोलीत भरायचो. अशा गावात माणसं जगतात, पण नवं काही करत नाहीत. कोणी विहीर खोदत नाही, कोणी दाराला रंग देत नाही, आंब्याचं रोप लावणाऱ्याला लोक हसतात. "नव्या गावी करू," हे वाक्य आमच्याकडे इतकं बोललं जायचं की लहानपणी मला वाटे, नवं गाव कुठंतरी आधीच तयार आहे आणि आमचं सगळं राहिलेलं काम तिथं एका खोलीत रचून ठेवलेलं आहे.

आता लोक मला विचारतात, गाव बुडालं तेव्हा कसं वाटलं? त्यांना वाटतं, एका रात्री पाणी आलं असेल, आरडाओरडा झाला असेल. तसं काही नसतं. गाव आधी माणसांमधून जातं, मग पाण्यात. आमच्या घरातून ते माय गेली त्या श्रावणातच गेलं, आणि तेव्हा नदी अजून तिच्या जागेवर होती.

मायला ताप आला तो रोवणी संपता संपता. चार दिवस तिनं अंगावर काढला, मग गावच्या डॉक्टरची सुई झाली, मग भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. मी तेव्हा भंडाऱ्यातच होस्टेलवर राहून बांधकामाच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष करत होते, म्हणून दवाखान्यात डबा घेऊन मीच जायची. ती शेवटचं माझ्याशी काय बोलली ते मला नीट आठवत नाही. डाळ पातळ झाली, असं काहीतरी असावं. तिला घरी आणलं, लोक जमले, बाया रडल्या. मी रडले नाही. ठरवून नाही, आलंच नाही. हात अंगाखाली दबून झोपलं की सकाळी तो दुसऱ्या कोणाचा वाटतो, आपण त्याला उचलून इकडून तिकडं ठेवतो, तसं मला माझ्या सगळ्या अंगाचं झालं होतं. बाबांचंही तसंच झालं असावं. पण आम्ही दोघांनी ते एकमेकांना कधी विचारलं नाही.

घर चालवायला पार्वता आत्याबाई आली. ही बाबांची थोरली बहीण, विधवा, तोंडानं तिखट आणि हातानं फार उरकी. तिच्या येण्यानं घरात पुन्हा आवाज सुरू झाले. पहाटे सूप वाजायचं, मग घरामागच्या सांदवाडीत केरसुणी, मग चुलीपाशी तिचं एकटीचं बोलणं. ती लाखोळीचं वरण करायची, झिंग्याची चटणी वाटायची, कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या करून आमच्या ताटात नको म्हणेपर्यंत वाढायची. आम्ही सगळं खायचो. चांगलं आहे म्हणायचो. बाबा जेवून उठायचे, हात धुवायचे आणि सपरीत भिंतीला टेकून बसायचे. धानाच्या बांधीत काम असलं तर जायचे, नसलं तर बसायचे. दिवसाला त्यांच्या तोंडून पाच-सहा शब्द निघत, तेही बैलांशी.

त्या वर्षी दिवाळीत मी घरी आले तेव्हा अर्धं गाव हललं होतं. पवनीच्या अलीकडे एका माळावर आम्हाला नवं गाव दिलं होतं. आखलेले प्लॉट, चुन्याच्या रेघा, मधून मुरमाचे रस्ते. ज्याच्या त्याच्या प्लॉटवर विटांचे ढीग पडले होते. आमच्या प्लॉटवर कोणाची तरी बकरी बांधलेली होती. आत्याबाईनं मला चुलीपाशी बसवलं आणि मोठ्यानं, सपरीत ऐकू जाईल असं म्हणाली, "काहून वं वंदे, तू घरं बांधाचंच शिकून राहिली ना? मंग काढ ना नकशा. का आपन सगळे पान्यात बसून राहू? मिस्त्री दोनदा येऊन गेला. तुया बापाले, या सदाले विचारते, कसं घर पायजे. हा बोलतच नाही."

"आत्याबाई, बाबाले विचाराव लागन ना."

"विचार मंग! भितीले विचारलं त भित बोलन, हा नाही बोलत."

मी कागद घेऊन बसले. टी-स्क्वेअर लावला, पेन्सिलीला टोक केलं, बाहेरच्या भिंतींचा चौकोन काढला. त्याच्या आत काहीच काढता येईना. कॉलेजात मी अशी कितीतरी घरं काढली होती; हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी. सरांनी त्यावर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. या चौकोनात मात्र मला दारसुद्धा कुठं द्यावं ते कळेना. मी तो कागद तसाच गुंडाळून ठेवला. सुट्टी संपून परत निघाले त्या सकाळी आत्याबाईनं बाबांना धुतलेला सदरा घातला, हातात शिदोरी दिली आणि म्हणाली, "पोरीसंग भंडाऱ्याले जा. तिच्या त्या नकशाच्या लायब्रीत जा म्हन्ते ना मास्तर, तिथं पाहा काही. कसंही पाहा, पन या सपरीतून ऊठ." बाबा उठले. त्यांना कोणी बस म्हटलं तर बसायचे, ऊठ म्हटलं तर उठायचे, असे ते दिवस होते.

त्या ग्रंथालयाबद्दल आमचे सर पहिल्या वर्षापासून सांगत, पण मी एकदाच बाहेरून पाहिलं होतं. खांब तलावापासून आत गेलं की एक दगडी, बैठी इमारत होती. भंडाऱ्यातले लोक तिला नकाशावाली लायब्री म्हणायचे. एका मालगुजाराचा धाकटा मुलगा पूर्वी कधीतरी बांधकामाची विद्या शिकायला परदेशी गेला होता. त्यानं तिकडून पेट्या भरभरून पुस्तकं आणली, इथं परत येऊन थोडी घरं बांधली, जास्त पुस्तकं जमवली, आणि मागं कोणी नव्हतं म्हणून सगळं गावाला देऊन गेला. घर बांधण्याची, सजवण्याची, लाकूडकामाची, फरशांची पुस्तकं, आणि फक्त तीच. कथा-कादंबरी मागायला आलेली माणसं दारातूनच परत जायची.

आम्ही पायरीवर चपला काढल्या. आत इतकं उंच होतं की बाबांनी आधी वर पाहिलं. वर झरोके होते, त्यांना दोऱ्या बांधलेल्या होत्या, खालून ओढून उघडता येतील अशा. सागवानी कपाटं छतापर्यंत गेलेली, नकाशांसाठी रुंद आणि चपटे खण, तिरक्या फळ्यांची लांब टेबलं. काचेखाली घुमटांच्या, पुलांच्या लहान प्रतिकृती होत्या. एका भिंतीवर जगभरच्या फरशांचे तुकडे ओळीनं बसवलेले. कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याचा आणि डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी आर्किटेक्चरचं एवढं मोठं घर पहिल्यांदाच पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी वहीत लिहिल्यासारखं मनाशी म्हटलं, हे सुंदर आहे, आणि पुढं गेले.

टेबलामागं कुंदाबाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पांढरी सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं.

"हे माझे बाबा," मी म्हटलं. "आम्हाला घर बांधायचं आहे. आमचं गाव धरणात जात आहे."

"बसा दादा," त्या बाबांना म्हणाल्या. त्यांनी मला पाच-सहा पुस्तकं काढून दिली. मी एकेक उघडत गेले. संगमरवरी जिने होते, बागांचे आराखडे होते, पाण्यावर बांधलेली घरं होती. एका पानावर लाकडाचं अख्खं गाव पाण्यात खांबांवर उभं होतं. ते पाहून तरी काही व्हायला हवं, असं मला वाटलं. मी पान उलटलं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. थोड्या वेळानं ते उठून खणांच्या कपाटाशी गेले. तिथं एका खणात कापडावर दाराच्या बिजागऱ्या, कड्या, कोयंडे मांडून ठेवले होते. बाबांनी एक बिजागरी उचलली, मिटली, उघडली, पुन्हा मिटली. कोणी रागावेल म्हणून मी कुंदाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाहू द्या. ते हाताळायलाच ठेवलं आहे."

मग त्या माझ्याजवळ आल्या. माझ्यापुढं तो रिकामा चौकोन पसरलेला होता. त्यांनी तो पाहिला. "एवढंच काढलं?"

"हो. पुढं सुचत नाही."

"घरात कोण कोण राहणार?"

मी बाबा आणि मी म्हटलं, आत्याबाईचं नाव घेतलं, आणि थांबले. मायचं सांगायचं राहून गेलं. लपवलं नाही, राहून गेलं. कुंदाबाई कपाटाकडे गेल्या आणि एक भलं मोठं, निळ्या बांधणीचं पुस्तक दोन्ही हातांनी उचलून घेऊन आल्या. "आपण बायका घराची सुरुवात कुठून करतो? हे फक्त स्वयंपाकघरांचं आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बाबांना हाक मारली. "दादा, इकडं या. तुम्हीही बघा. बांधणारे तुम्हीच ना?"

बाबा येऊन बसले. पुस्तक त्यांच्यासमोर होतं. ते पानं उलटत गेले, बी पाखडावं तसं, न थांबता. तांब्याच्या भांड्यांनी भरलेल्या भिंती गेल्या, धुराडी गेली, टोपी घातलेले आचारी गेले. मग एका पानावर ते थांबले. त्यात विशेष काही नव्हतं. एक साधी खोली, खिडकीखाली लांब ओटा, आणि ओट्याशी उभी राहून काहीतरी चिरणारी एक बाई. तिचा चेहरासुद्धा दिसत नव्हता. बाबांनी त्या पानावर तळहात ठेवला.

"हे," ते म्हणाले. "असं म्हने ते."

"कोण?" कुंदाबाईंनी विचारलं.

"हिची माय." त्यांचा आवाज बरेच दिवस न उघडलेल्या दारासारखा होता. "उभ्यानं रांधाचं म्हने. तिचे गुडघे दुखत. खाली बसली का उठताच नाही ये. तिच्या बहिनीकडं नागपुरले पाह्यला होता तिनं ओटा. मले म्हने, आपल्याले बी करा ना. विटा त पडूनच होत्या, गोठ्याच्या. दोन दिवसाचं काम होतं. मी म्हनलं, डुबनाऱ्या घरात ओटा करते का कोनी? नव्या गावी करू."

मला हे माहीत नव्हतं. मायचे गुडघे दुखतात हेही मला तिच्या उठताना निघणाऱ्या "आई वं"पुरतंच माहीत होतं, आणि तो आवाज मी घरातल्या इतर आवाजांतलाच धरत होते.

"मग आता करा की," कुंदाबाई उत्साहानं म्हणाल्या. त्यांना अजून कळलं नव्हतं. "ओट्याची उंची महत्त्वाची. पुस्तकातली उंची त्या लोकांच्या बायकांची. आपल्याकडं रांधणारीच्या कोपराच्या थोडं खाली धरायची, म्हणजे पाठ भरत नाही. वहिनींची उंची किती?"

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी आधी आपल्या छातीवर एका जागी हात ठेवला. "इथवर येते," ते म्हणाले. येते, असंच म्हणाले. मग त्यांनी डावीकडं पाहिलं, जिथं कोणी नव्हतं, आणि तळहात आडवा धरून हळूहळू खाली नेला, थोडा वर घेतला, पुन्हा थोडा खाली, आणि हवेत थांबवला. "कोपर इथं येते तिचा. सुपडा धरला का असा."

कुंदाबाईंनी खणातून टेप काढून माझ्या हातात दिला. मी गुडघ्यांवर बसले. टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि पट्टी वर नेली, बाबांच्या तळहाताच्या खालच्या बाजूपर्यंत. त्यांचा हात हलत नव्हता. माझाही नाही. मी आकडा वाचला, चौकोनाच्या कडेला लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. बाबा तसेच उभे होते. "झालं?" त्यांनी विचारलं. मी झालं म्हटलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

"ते नाही आता," ते कुंदाबाईंना म्हणाले. "सावनात गेली."

 कुंदाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग जाऊन झरोक्याची दोरी ओढली आणि बराच वेळ ती खुंटीला बांधत राहिल्या.

आज इतक्या वर्षांनी मी विचार करते की त्या वेळी मी बाबांच्या गळ्यात पडायला हवं होतं का. पोरींनी तसं करावं असं पुस्तकांत असतं. पण आमच्याकडे बाप-लेकी तसं करत नाहीत, आणि मला तसं काही वाटलंही नव्हतं. मला फक्त पुढचं माप हवं होतं. मी विचारलं, "आनखी काय म्हने माय?"

बाबा बसले आणि सांगत गेले. श्रावणापासून ते जितके शब्द बोलले नव्हते तितके त्या टेबलाशी बोलले. ओट्यासमोर खिडकी पाहिजे, कारण भिंतीकडं तोंड करून रांधलं तर कोण आलं-गेलं समजत नाही, असं ती म्हणे. खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे. ढोली स्वयंपाकघरात नको, उंदरं होतात, तिला बाजूची खोली. न्हाणीला आतून कडी. देवाला कोनाडा, पण फार वर नको. मी काढत गेले. चौकोन भरत गेला. खिडकी किती उंचीवर, असं मी विचारलं तेव्हा बाबा पुन्हा उठले आणि या वेळी न चाचपडता त्यांनी हवेत तिचे डोळे दाखवले. मी पुन्हा टेप धरला. दुपारी आम्ही पायरीवर बसून आत्याबाईची शिदोरी खाल्ली. कुंदाबाईंनी आमच्यासाठी स्वतःच्या थर्मासातला चहा ओतला आणि आमच्याबरोबर बसल्या. संध्याकाळच्या एसटीनं बाबा गावी गेले. जाताना नकाशा त्यांनी सदऱ्याच्या आत, अंगाला लावून ठेवला.

घर होळीच्या आधी उभं झालं. मिस्त्रीनं ओट्याची उंची पाहून डोकं खाजवलं, बाबांनी सांगितलं, तसंच कर, आणि त्यानं केलं. आम्ही राहायला गेलो तेव्हा आत्याबाईनं ओट्याभोवती एक चक्कर मारली, त्यावर भांडी रचली आणि खाली पाट घेऊन बसली. "उभ्यानं रांधाले मी काय हाटेलवाली आहो?" ती म्हणाली. मग तिच्या सुनेचे दिवस भरले आणि ती आपल्या गावी गेली. मी होस्टेलवर, बाबा एकटे. शनिवारी मी यायची, भात टाकायची, धुणं करायची, रविवारी परत जायची. माळावरच्या त्या गावात झाडं नव्हती, ओळखीची माणसं तीच होती पण चुकीच्या शेजारी राहत होती. मला घर आवडलं की नाही, ते मी स्वतःला विचारलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी मी न्हाऊन आले तर बाबा ओट्याशी उभे होते. भांडी त्यांनी उतरवून खाली ठेवली होती. स्टोव्ह पेटवून ते वांगी चिरत होते, आणि ओटा त्यांना इतका ठेंगणा होता की ते बांधीत परे रोवणाऱ्या माणसासारखे वाकले होते.

"बाबा, कंबर भरन तुमची," मी म्हटलं. "मिस्त्रीले सांगून दोन विटा चढवून घेऊ."

"राहू दे," ते म्हणाले. फोडी त्यांनी तेलात टाकल्या, डबा उघडून पाहिला. "मीठ सरलं. आनतो. तू हालवत राह्य."

ते गेले. मी ओट्याशी आले. मला मायपेक्षा बाबांची उंची आलेली. मलाही वाकावंच लागलं. खिडकीची वरची कड माझ्या हनुवटीच्या पातळीवर होती, त्यामुळे नीट उभं राहिलं तर समोर भिंतच दिसायची. मी भाजी हलवायला वाकले तेव्हा पहिल्यांदा त्या खिडकीतून बाहेर पाहिलं. सगळा रस्ता दिसत होता, अगदी पाण्याच्या टाकीपर्यंत. कोणाची कोंबडी पिल्लं घेऊन चालली होती. एक म्हातारा दातण करत होता. जुन्या गावात आमच्यापासून चार घरं सोडून राहणारी रुखमाकाकू, आता समोरच आली होती, ती घागर घेऊन चालली होती. खिडकीत कोणी आहे असं पाहून ती थांबली, डोळ्यांवर हात धरला.

"काय वं," ती हाक मारून म्हणाली, "काय रांधून राहिली आज?"

"वांगे," मी म्हटलं.

"बरं केलं," ती म्हणाली आणि गेली.

 मी ओट्याला पाठ लावून खाली बसले, तिथंच, फरशीवर. कुठून आलं ते मला माहीत नाही, पण जे श्रावणात आलं नव्हतं, दवाखान्यात नाही, घाटावर नाही, टेप धरला तेव्हा नाही, ते सगळं आलं, आवाज करत आलं. भाजी करपल्याचा वास आला तरी मला उठता आलं नाही. बाबा दारात आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, स्टोव्ह बंद केला, करपलेली भाजी बाजूला सारली आणि वाकून उरलेलीत मीठ टाकलं.